सन हाउस : एका गायकाचे पुनरागमन

अमेरिकेतील मिसिसिपी राज्याच्या वायव्य भागात, मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांच्या दरम्यान एक सपाट, काळसर जमिनीचा पट्टा पसरलेला आहे. तेथील लोक त्याला ‘डेल्टा’ म्हणतात. भूगोलशास्त्राच्या दृष्टीने तो त्रिभुज प्रदेश नव्हे. नदीचे मुख तेथून शेकडो मैल दूर दक्षिणेला राहते. परंतु पिढ्यान्पिढ्यांच्या पुरांनी आणून टाकलेला तेथील गाळ कापसाला असा काही मानवला की, त्या कापसासाठी आणलेल्या कृष्णवर्णीय माणसांची संख्या गोऱ्या वस्तीच्या कितीतरी पट झाली. १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. राबणारे हात मात्र तेच राहिले. जमीन मालकाची, बियाणे मालकाचे, वाणसामान मालकाच्या दुकानातून उधारीवर आणि वर्षअखेर हिशेबाची वही मालकाच्याच हाती. अर्धेलीने शेत कसणाऱ्या कुळाची स्थिती काय होत असेल, हे आपल्याकडील शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. या माणसांत, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, ‘ब्लूज’ या नावाने ओळखला जाणारा गायनप्रकार रुजला.

ब्लूजची घडण वरवर पाहता फार साधी असते. एक ओळ म्हणावयाची, तीच पुन्हा म्हणावयाची आणि तिसऱ्या ओळीने त्या दोहोंना उत्तर द्यावयाचे. हे सारे बहुधा बारा तालखंडांच्या एका आवर्तनात. परंतु त्यातील स्वरस्थाने पाश्चात्त्य वाद्यांच्या पट्टीत नीट बसत नाहीत. गंधार आणि निषाद कोमलही नव्हेत आणि शुद्धही नव्हेत, अशा मधल्या जागी घोळत राहतात. डेल्टातील वादक फोडलेल्या बाटलीचा गळा किंवा धातूची नळी डाव्या हाताच्या बोटात घालतो आणि ती तारांवरून सरकवून मींड काढतो. विचित्रवीणेवरून काचेचा बट्टा फिरताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या करामतीचे रहस्य लगेच उमगेल. गाणारा अर्ध्या ओळीत थांबतो आणि उरलेले वाक्य गिटार पुरे करते.

एडवर्ड जेम्स हाउस, म्हणजेच ‘सन’ हाउस, हा या परंपरेतील अग्रगण्य पुरुष. त्याने स्वतः सांगितलेली जन्मतारीख २१ मार्च १९०२ ही होय; गाव क्लार्क्सडेलजवळचे लायन. त्याचे लक्ष मात्र सुरुवातीला गाण्याकडे नव्हते. पंधराव्या वर्षीच तो प्रार्थनामंदिरात उपदेश करू लागला होता, आणि धर्मनिष्ठ कृष्णवर्णीय समाजात ब्लूज म्हणजे सैतानाचे संगीत अशी समजूत रूढ असल्यामुळे गिटारवाल्यांचा त्याला मनापासून तिटकारा होता. वयाच्या पंचविशीत त्याने कोणाच्या तरी हातची बाटलीच्या गळ्याने छेडलेली गिटार ऐकली आणि त्याचा तिटकारा तेथेच गळून पडला. त्याने एक जुनी गिटार विकत घेतली. त्यानंतर काही काळातच एका घरगुती मेजवानीत झालेल्या गोळीबारात त्याच्या हातून एक मनुष्य ठार झाला आणि त्याची रवानगी पार्चमन येथील कुप्रसिद्ध शेती-तुरुंगात झाली. सुमारे दोन वर्षांनी सुटून तो ल्यूला या गावी आला. तेथे चार्ली पॅटन या त्या मुलुखातील नामांकित गायकाशी त्याची गाठ पडली.

धर्मोपदेशक आणि ब्लूज-गायक ही दोन माणसे हाउसच्या ठिकाणी अखेरपर्यंत भांडत राहिली. ‘प्रीचिन् द ब्लूज’ हे त्याचे गाजलेले गाणे याच भांडणातून निघाले आहे. त्यात उपदेशकांच्या आळसावर कोरडे ओढलेले आहेत; परंतु आवाजाची फेक, श्वासाची धाप आणि शब्दांची वाढत जाणारी चढण ही सारी व्यासपीठावरील उपदेशकाचीच आहे. इतर गायक दुःख सांगतात, हाउस ते घोषित करतो. त्याच्या मोठेपणाचे मर्म शोधावयाचे तर ते येथेच सापडेल.

१९३० मध्ये पॅटनच्या शिफारशीने हाउस, त्याचा जिवलग सोबती विली ब्राउन आणि लुईझ जॉन्सन ही पियानोवादिका असे उत्तरेकडील विस्कॉन्सिन राज्यात ग्राफ्टन या गावी गेले. तेथे पॅरामाउंट कंपनीचे ध्वनिमुद्रणगृह होते. ही कंपनी मूळची खुर्च्या करणाऱ्या एका कारखान्याची शाखा होती. कारखान्यात ग्रामोफोनची लाकडी कपाटे तयार होत. कपाटे खपावीत म्हणून तबकड्या काढण्याचा उद्योग सुरू झाला. त्यामुळे तबकड्यांच्या गुणवत्तेची कोणाला फारशी फिकीर नव्हती. जगभरच्या तबकड्यांना लागणारी लाख त्या काळी मुख्यतः भारतातून जात असे. पॅरामाउंटने ती हात आखडूनच वापरली असावी, असे त्या तबकड्यांची खरखर ऐकताना वाटते. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना हा संकोच ठाऊक आहे. हाउसला त्या तीन मिनिटांत आवर घालणे अशक्यच होते. त्याच्या तीन गाण्यांचे दोन-दोन भाग करून ती तबकडीच्या दोन्ही बाजूंवर पसरावी लागली.

मोबदला सुमारे चाळीस डॉलर मिळाला. अर्धेलीच्या शेतात तेवढे पैसे हाती यावयास जवळजवळ वर्ष लागे, म्हणून हाउसला ती रक्कम मोठीच वाटली. परंतु तबकड्या बाजारात आल्या त्या महामंदीच्या तोंडावर. त्या विकत घेणाऱ्यांच्या खिशात पैसा नव्हता, आणि १९३२ मध्ये कंपनीने ध्वनिमुद्रणच थांबविले. हाउसच्या चार तबकड्या निघाल्या होत्या. त्यांपैकी ‘क्लार्क्सडेल मोन’ या तबकडीची एकही प्रत पुढे पाऊणशे वर्षे कोणाच्या दृष्टीस पडली नाही. अखेर एक प्रत हाती लागली आणि २००६ मध्ये ते गाणे पुन्हा ऐकावयास मिळाले. ‘वॉकिन् ब्लूज’ हे नववे गाणे तर कंपनीने बाजारात आणलेच नव्हते. त्याची चाचणीसाठी दाबलेली तबकडी १९८० नंतरच्या दशकात सापडली. पॅरामाउंटचे मूळ धातूचे साचे बहुतांशी नष्ट झाले. आज जे उरले आहे ते लोकांच्या घरी सुयांनी झिजलेल्या तबकड्यांवरून घेतलेले आहे.

तबकड्या खपल्या नाहीत, तरी विद्या वाया गेली नाही. रॉबिन्सनव्हिल येथे हाउसच्या बैठकीभोवती घोटाळणारा रॉबर्ट जॉन्सन नावाचा पोरगा होता. हा गिटार हाती घेतो तेव्हा श्रोते वैतागतात, असे हाउस त्याच्याविषयी सांगत असे. तोच जॉन्सन काही काळ नाहीसा होऊन परतला तो विलक्षण तयारीचा वादक होऊन, आणि १९३६ मध्ये त्याने ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यांत हाउसची छाया स्पष्ट दिसते. दोन वर्षांत तो अकाली वारलाही. दुसरा शिष्य म्हणजे मॅकिन्ली मॉर्गनफील्ड ऊर्फ मडी वॉटर्स. तो १९४३ मध्ये शिकागोला गेला आणि त्याने डेल्टाच्या गाण्याला विजेच्या गिटारीचा आवाज दिला. १९६२ मध्ये लंडन शहरात निघालेल्या ‘रोलिंग स्टोन्स’ या वाद्यवृंदाने आपले नावच मुळी मडी वॉटर्सच्या एका गाण्यावरून घेतले.

मधल्या काळात हाउसचा आवाज एकदाच नीट टिपला गेला. फिस्क विद्यापीठ आणि वॉशिंग्टनचे काँग्रेस ग्रंथालय यांच्या संयुक्त पाहणीत, १९४१ आणि १९४२ च्या उन्हाळ्यांत, अॅलन लोमॅक्स याने डेल्टात जाऊन त्याचे गाणे मुद्रित केले. पहिले मुद्रण लेक कॉर्मोरंट येथील रेल्वेलगतच्या एका दुकानात झाले. त्यातील काही गाण्यांत मागून जाणाऱ्या आगगाडीचा आवाज ऐकू येतो. या वेळी हाउस एकटा नव्हता. विली ब्राउनची गिटार, एक मँडोलिन, एक हार्मोनिका असा चौघांचा मेळ होता. गाण्यात हुंकार, हाका, थट्टामस्करी सारे आहे. मोबदल्यादाखल आपल्याला थंडगार कोकाकोलाची एक बाटली मिळाली, असे हाउस पुढे सांगत असे. श्रोत्यांनी या मेळाची गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे जगाला जो हाउस भेटला तो एकाकी वृद्ध होता, आणि डेल्टाचा गायक म्हणजे असाच एकटा, असा एक लाडका समज त्यातून रूढ झाला.

१९४३ मध्ये हाउसने दक्षिण सोडली. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरी त्याने आधी कारखान्यात आणि नंतर न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेत डब्यातील उतारूंची व्यवस्था पाहणारा नोकर म्हणून काम केले. १९५२ मध्ये विली ब्राउन वारल्यावर त्याने गिटार वाजविणे सोडूनच दिले. शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्याच्या पूर्वायुष्याची कल्पनाही नव्हती.

इकडे उत्तरेकडील विद्यापीठांच्या परिसरात एक निराळीच हवा वाहू लागली होती. गोऱ्या मध्यमवर्गातील तरुण मुले जुन्या तबकड्या धुंडाळीत होती आणि तबकडीवरील नावांमागे जिवंत माणसे आहेत काय, याचा शोध घेत होती. १९६३ मध्ये मिसिसिपी जॉन हर्ट हा वृद्ध गायक त्याच्या एका गाण्यात आलेल्या गावाच्या नावावरून सापडला. तेव्हा अनेकांना हुरूप आला. जून १९६४ मध्ये डिक वॉटरमन, निक पर्ल्स आणि फिल स्पायरो हे तिघे मोटार घेऊन हाउसच्या शोधार्थ मिसिसिपीत उतरले. तो उन्हाळा भयंकर होता. कृष्णवर्णीयांची मतदारयादीत नोंद करण्यासाठी उत्तरेतून शेकडो विद्यार्थी त्या राज्यात येत होते. उत्तरेकडील गोरा तरुण काळ्यांच्या वस्तीत चौकशी करताना दिसला की तेथील गोऱ्यांचे डोळे वटारले जात. या तिघांना मिसिसिपीत हाउस मिळाला नाही. धागेदोरे लागत लागत ते थेट रॉचेस्टरला पोहोचले. २१ जून १९६४ या दिवशी ग्रेग स्ट्रीटवरील एका घराच्या पायऱ्यांवर त्यांना तो भेटला. त्याच दिवशी मिसिसिपीतील नेशोबा परगण्यात चेनी, गुडमन आणि श्वेर्नर या तीन नागरी-हक्क कार्यकर्त्यांचा खून झाला. एक तिघे शोधून परतले. दुसऱ्या तिघांची प्रेते सापडावयास सहा आठवडे लागले. डेल्टाचे गाणे ज्या भूमीत उगवले, ती भूमी १९६४ मध्येही अशी होती.

सापडलेल्या गायकाजवळ गिटार नव्हती. आपले नाव कोणाला माहीत असेल हेच त्याला खरे वाटेना. त्याहून मोठी अडचण अशी की, त्याला स्वतःची गाणी आठवत नव्हती. हात कापत होते, मद्याचे व्यसन जडले होते, आणि बोटांनी बारा वर्षांत तारेला स्पर्श केला नव्हता. तेव्हा बोस्टनकडील अॅलन विल्सन या एकवीस वर्षांच्या तरुणाची मदत घेण्यात आली. हा मुलगा दृष्टीने अतिशय अधू. कान मात्र असा तीक्ष्ण की, हाउसच्या १९३० आणि १९४२ च्या मुद्रणांतील एकूणएक खटके-मुरक्या त्याने तबकडीवरून उचलल्या होत्या. तो वृद्धासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसला आणि ‘१९३० मध्ये आपण हे असे वाजविले होते, १९४२ मध्ये असे’ म्हणून एकेक चीज वाजवून दाखवू लागला. हाउसची बोटे हळूहळू वळू लागली. सन हाउसला सन हाउससारखे वाजविण्यास अॅलन विल्सनने शिकविले, असे वॉटरमन पुढे म्हणत असे, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

शिष्याने गुरूला त्याचीच विद्या परत द्यावी, हा प्रसंग मनाला भावतो खरा, परंतु त्यातून एक प्रश्न उभा राहतो. यानंतर जे गाणे निघाले ते हाउसचे म्हणावयाचे की तबकड्यांचे? काही टीकाकारांनी असा आक्षेप घेतला की, गोऱ्या श्रोत्यांना हवा असलेला १९३० चा सन हाउस त्या वृद्धाकडून वठवून घेण्यात आला. तो स्वतः त्या वेळी काय गायला असता, हे कळण्याचा मार्गच बंद झाला. आक्षेप अगदीच पोकळ नाही. मात्र त्याचा निवाडा तर्काने होणार नाही, ध्वनिमुद्रणे ऐकूनच होईल.

ती ध्वनिमुद्रणे १२ ते १४ एप्रिल १९६५ या तीन दिवसांत न्यूयॉर्क येथे कोलंबिया कंपनीने केली. ती घडवून आणणारा जॉन हॅमंड हा या क्षेत्रातील जुना जाणता. १९३८ च्या डिसेंबरात कार्नेगी हॉलमध्ये कृष्णवर्णीय संगीताचा मोठा जलसा त्याने योजला होता. त्यासाठी रॉबर्ट जॉन्सनला आणावयास जावे तो जॉन्सन काही महिन्यांपूर्वीच वारल्याचे कळले, आणि हॅमंडला व्यासपीठावर त्याच्या तबकड्या लावून समाधान मानावे लागले होते. सत्तावीस वर्षांनी त्याच जॉन्सनचा गुरू त्याच्यासमोर धातूची नॅशनल गिटार घेऊन बसला. अॅलन विल्सनही हजर होता. एका गाण्यात त्याची दुसरी गिटार आहे, दुसऱ्यात हार्मोनिका.

त्या वर्षी निघालेल्या दीर्घ ध्वनिमुद्रिकेत नऊ गाणी होती. त्यांतील पहिले ‘डेथ लेटर’. १९३० च्या ‘माय ब्लॅक मामा’ या गाण्याच्या उत्तरार्धात प्रेयसीच्या मृत्यूची वार्ता देणाऱ्या पत्राचा प्रसंग होता. तीन मिनिटांच्या तबकडीवर तो चेपून बसविलेला होता. १९६५ मध्ये त्याचे स्वतंत्र गाणे झाले आणि ते चार मिनिटांहून अधिक चालले. बोटांची जुनी सफाई आता नाही. नळी तारेवर सरकण्याऐवजी आदळते, धातूवर धातू वाजतो. आवाज मात्र खोल गेला आहे. १९३० चा अठ्ठावीस वर्षांचा गायक मृत्यूची गोष्ट जोमाने सांगत होता. त्रेसष्ट वर्षांचा हा मनुष्य पत्र हाती पडल्यावर निघतो, पोहोचतो, थंड देहाकडे पाहतो, घरी परततो, आणि प्रत्येक पायरीवर गिटार त्याला ढकलत पुढे नेते. अॅलन विल्सनने चालण्याची रीत आठवून दिली असेल, पण ही चाल तबकडीवर कोठेही नव्हती. ‘जॉन द रेव्हलेटर’ आणि ‘ग्रिनिन् इन युअर फेस’ ही दोन गाणी तर त्याने गिटार बाजूला ठेवून नुसत्या टाळ्यांवर म्हटली. पहिले बायबलातील प्रकटीकरणावरचे आहे, तर दुसऱ्यात तोंडावर हसणाऱ्या माणसांपासून सावध राहण्याची शिकवण आहे. पन्नास वर्षांपूर्वीचा बालउपदेशक येथे पुन्हा उभा राहतो, आणि ध्वनिमुद्रिकेवर त्याचे ब्लूज-गायकाशी बरे जमते.

ध्वनिमुद्रिकेवर मोठ्या अक्षरांत ‘लोकब्लूजचा जनक’ असे छापले होते. हे बिरुद व्यापाऱ्याचे. त्या तीन दिवसांत हाउस नऊहून अधिक गाणी गायला होता. बाकीच्या ध्वनिफिती कंपनीच्या कपाटात सत्तावीस वर्षे पडून राहिल्या आणि १९९२ मध्ये प्रथम बाहेर आल्या. त्यांत बारा चिजा आहेत. काही प्रकाशित गाण्यांचीच दुसरी आवर्तने आहेत. आणि ‘डेथ लेटर’चे दुसरे आवर्तन ऐकले म्हणजे पाठ केलेले गाणे कोणते आणि जागच्या जागी घडणारे गाणे कोणते, हा भेद चटकन कानाला जाणवतो. कडव्यांचा क्रम, विराम, गिटारीची उत्तरे दोन वेळा एकसारखी येत नाहीत. वरील आक्षेपाला याहून चांगले उत्तर नाही. तबकडीची नक्कल करणारा मनुष्य दुसऱ्या वेळी तीच नक्कल करील.

परंतु त्या बारांतील अधिक बोलकी गाणी निराळीच आहेत. ‘पोनी ब्लूज’ आणि ‘शेक इट अँड ब्रेक इट’ ही चार्ली पॅटनची गाणी. एकोणीसशे चौतीसमध्ये वारलेल्या मित्राची आठवण तेथे त्याच्याच चिजांनी काढली आहे. ‘मदरलेस चिल्ड्रन’ हे जुने भक्तिगीत आहे. आणि ‘प्रेसिडेंट केनेडी’ हे गाणे तर नोव्हेंबर १९६३ मध्ये झालेल्या राष्ट्राध्यक्षांच्या हत्येवरचे, म्हणजे दीड वर्षापूर्वीच्या घटनेवरचे. ज्याला आपण भूतकाळातून उकरून काढले असे तरुणांना वाटत होते, तो मनुष्य वर्तमानावरही गात होता. जनक म्हणून विकावयाच्या ध्वनिमुद्रिकेत असल्या गाण्याला जागा कोठून मिळणार! हॅमंडची निवड चुकली असे मात्र म्हणवत नाही. एका ध्वनिमुद्रिकेवर मावणार ते थोडेच, आणि वगळलेले सारे निवडलेल्याच्या तोडीचे नाही. फरक आहे तो काळाचा. १९३० मध्ये पॅरामाउंटने जे वगळले ते जवळपास नामशेष झाले. १९६५ मध्ये चुंबकीय फीत होती, म्हणून वगळलेला सन हाउस निदान कपाटात जिवंत राहिला.

पुढची दहा वर्षे हाउस गात हिंडला. वॉटरमनने अशा वृद्ध गायकांचे व्यवहार पाहण्यासाठी एक संस्थाच काढली. ज्यांना आयुष्यभर चाळीस डॉलर नाहीतर कोकाकोला मिळाला, त्यांच्या हाती बऱ्यापैकी बिदागी पडू लागली. १९६७ मध्ये युरोपचा दौरा झाला, १९७० मध्ये लंडनला मुद्रण झाले. प्रकृती आणि मद्य यांचा मेळ बसविणे हे वॉटरमनचे रोजचे संकट होते. मुळीच न प्यायल्यास हात कापत, अधिक झाल्यास गाणे विस्कटे. अॅलन विल्सन पुढे ‘कॅन्ड हीट’ या वाद्यवृंदात प्रसिद्ध झाला आणि १९७० मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी वारला. त्याचा वृद्ध शिष्य त्याच्यामागे अठरा वर्षे जगला. शेवटची वर्षे त्याने डेट्रॉइट येथे काढली आणि १९ ऑक्टोबर १९८८ रोजी तेथेच त्याचा अंत झाला.

त्यानंतरही एक ध्वनिफीत उरली होती. २३ नोव्हेंबर १९६४ रोजी, म्हणजे शोध लागून पाच महिने झाल्यावर आणि कोलंबियाच्या मुद्रणास पाच महिने असताना, इंडियाना राज्यातील वॉबॅश कॉलेजात हाउसचा एक लहानसा कार्यक्रम झाला होता. तो मुद्रित केलेला होता आणि त्याची फीत वॉटरमनने जपून ठेवली होती. २०२२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. कोलंबियाच्या ध्वनिमुद्रिकेतील गर्जना येथे नाही. आवाज खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखा आहे, आणि गिटारीचा हात सावध, नाजूक, अजून एकेक जागा चाचपून पाहणारा. त्यातील आठ गाण्यांपैकी एक, ‘फॉरेव्हर ऑन माय माइंड’, त्याने कोणत्याही ध्वनिमुद्रणगृहात कधी गायलेच नव्हते.